मिरज, सोलापूर आणि पुण्याची फायनल

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय वैभवी,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत.

तू बरी असशील, नाशिकला थंडी पडली असेल आणि तुझ्या शाळेत क्रीडा सप्ताहाची धावपळ चालू असेल, असं धरून लिहायला बसलेय. माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून फिझाच्या दिराला, कमरुद्दीनला, हे पत्र दिलंय. तो मुंबईला उतरला की तिथून स्पीड पोस्टने पाठवेल.

माझं ठीक चाललंय. ऑफिसात नवीन मॅनेजर आलाय, रोज एक मीटिंग वाढवतो. वेदांगची बदली अबू धाबीला होणार होती, ती टळली. हवा सध्या छान आहे, संध्याकाळी खालच्या बागेत पाय मोकळे करता येतात. मी तर येरझाराच घालते. आत्तासुद्धा हे लिहिताना उठून चहा ठेवला, मग गॅस बंद केला, मग पुन्हा ठेवला. वेदांग म्हणाला, "अनु, एका जागी बस ना जरा." तेच जमत नाहीये बघ.

तुला पत्र लिहायचं कारण म्हणजे एका भांडणाचा निकाल हवाय. आपल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमने मागे पडून जिंकलेल्या मॅचेसमधली सगळ्यात भारी कुठली?

फिझा म्हणते, मिरजेची. आठवतंय ना, सगळं मैदान चिखल झालेलं, आपण दोन गोलने मागे, त्यातला एक माझ्याच पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेलेला. मग फिझाने एकटीने तीन मारले. ती गोष्ट ती अजून अशी सांगते जणू परवाच, ती आता राहते त्या खोर फक्कानच्या बीचवर झालीय. "अनु, मी सेंटरवरून निघालो ते थेट आत," असं म्हणते. हो, अजून ती कोल्हापूरच्या बायकांसारखी 'निघालो, आलो' असंच बोलते. रत्नागिरीला सासरी हसतात म्हणे तिला.

माझं म्हणणं, सोलापूर. आपल्या दोघी बाहेर काढलेल्या, उरलेल्या नऊजणींनी एका गोलने मागे असताना बरोबरी केली आणि मग शूटआउटमध्ये तू दोन अडवलेस. दुसरा अडवताना तू आधी उलट्या बाजूला झुकलेलीस. मी बॅकला, तुझ्यापुढे; एरवी प्रत्येक मॅच तू माझ्या पाठीकडे बघत खेळलीस, मला तू कधी दिसलीच नाहीस. पण त्या दिवशी सेंटर लाइनवरून मी तुला नीट बघितलं.

ही भांडणं दर शनिवारी होतात. फिझा डोंगरातला तो लांबचा रस्ता कापून खोर फक्कानहून गाडी चालवत येते, नवऱ्याला, यहयाला, पोर्टवर ड्यूटी असते म्हणून एकटीच. आणि कुठे होतात, हे लिहायचं मी मघापासून टाळतेय. सुयशच्या घरी होतात. माझ्या बिल्डिंगपासून चालत पाच मिनिटांवर राहतो तुझा भाऊ.

आपले सर, तुझे बाबा, तिथेच असतात. काकू गेल्यानंतर सुयशने त्यांना इकडे आणलं, एवढं तुला माहीत असेल.

वैभवी, सरांना ऑक्टोबरमध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून नीट उचलत नाही. चालतात, पण पाय ओढत. मुख्य म्हणजे वाचा गेली. सगळं समजतं, शब्द तेवढा बाहेर येत नाही. "ते... ते..." करतात आणि मग डावी मूठ मांडीवर आपटतात. दिवसभर बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी. ज्या माणसाच्या एका हाकेने आख्खं शिवाजी विद्यापीठाचं मैदान गप्प व्हायचं, त्याला चहात साखर जास्त झाली हे सांगता येत नाही.

सुयशने तुला कळवलं नाही, कारण तूच त्याला सांगितलेलंस की बाबांची कुठलीही बातमी मला देऊ नकोस. त्याने शब्द पाळला. मी असा शब्द दिलेला नाही.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्यांना प्रश्न विचारून भंडावू नका, त्यांच्या आवडीचं काहीतरी त्यांच्यासमोर बोलत राहा. आम्हाला मॅचेसशिवाय दुसरं काय येतं? एकदा सुयश चुकून म्हणाला, मिरजेची मॅच आपण तीन-एकने जिंकली. सरांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली, मग दोन, आणि त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा उभाच राहिला. तेव्हापासून आम्ही मुद्दाम चुकतो. फिझा माझा गोल तिच्या नावावर लावते, मी सोलापूरचं मैदान साताऱ्याला नेते. सर चिडतात. चिडले की एखादा शब्द सुटतो. परवा मला "गाढव" म्हणाले, स्पष्ट. रिद्धी, तुझी वहिनी, स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पुण्याच्या फायनलचं नाव मात्र आम्ही काढत नाही. तुला कारण सांगायला नको.

निकाल कळव. नाहीतर नुसतं पोचल्याचं तरी कळव.

तुझी,
अनु


डिस्कव्हरी गार्डन्स
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैभवी,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज फोन उलटा-सुलटा करून बघते. हे पत्र कुरियरने पाठवतेय, कारण कुणी जाणारं मिळेपर्यंत थांबवत नाही.

काल फिझाने पुण्याच्या फायनलचं नाव काढलं.

आमचं काही ठरलं नव्हतं. तिचा सगळा आठवडा वाईट गेलेला, त्यात दोन शनिवार सरांकडून एक नवा शब्द नाही. मिरज-सोलापूर उगाळून आम्हीच कंटाळलो होतो. ती अचानक सरांसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "खलास सर, आता खरं बोलूया. सगळ्यात भारी मॅच पुण्याची. तीन-शून्यने मागे होतो, चार-तीनने जिंकलो. आणि जिंकलो कारण हाफटाइमला तुम्ही वैभवीला काढून बेंचवरच्या बिलकीसला गोलमध्ये उभं केलंत. वैभवी वाईट खेळत होती म्हणून काढलंत."

सुयश म्हणाला, "फिझा, नको."

सरांची मूठ खुर्चीच्या हातावर बसली. "नाही," ते म्हणाले.

नीट, पूर्ण शब्द.

"वाईट खेळत नव्हती?" फिझाने विचारलं.

"नाही." मग डावा हात उचलून त्यांनी स्वतःच्या कानामागे लावला. "डोकं. ते... पो... पोस्ट."

इथून पुढे जे झालं ते तुकड्यातुकड्यांनी झालं. दुपारचं जेवण टेबलावर तसंच थंड झालं. आम्ही विचारायचो, ते मान हलवायचे, मधेच एखादा शब्द पडायचा. सगळं जोडून लिहिते, पण यातलं आमच्या पदरचं काही नाही.

पहिल्या गोलच्या आधी कॉर्नरला तू उडी मारलीस आणि डोकं पोस्टवर आपटलं. बॉल तू सोडला नाहीस, लगेच उठलीस, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तुझ्यापुढे उभी होते, मलाही वाटलं खांदा लागला. त्यानंतर तिन्ही गोल गेले. हाफटाइमला तू सरांना विचारलंस, किती झाले? त्यांनी सांगितलं, तीन. तू पाणी प्यायलीस आणि पुन्हा विचारलंस, किती झाले?

तेव्हा त्यांना कळलं. आणि त्यांनी तुला एवढंच सांगितलं, "तू नको. बस."

फिझाने विचारलं, "मग तिला सांगायचं ना सर, लागलंय म्हणून." सुयशच म्हणाला, "सांगितलं असतं तर ती बसली असती का?" सरांनी नकारार्थी मान हलवली. तू त्यांच्याशी भांडून पुन्हा उतरली असतीस, हे आम्हा सगळ्यांना पटलं.

मग ते म्हणाले, "सातारा."

फिझाने आणि मी एकमेकींकडे बघितलं. परतताना बस साताऱ्याला थांबवली होती. तुला उलट्या होत होत्या आणि आम्ही समजलो, मैदानाबाहेरची भेळ बाधली. सर तुला एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरशी ते बाहेर उभं राहून बोलले. डोक्याला मार बसलाय म्हणून डॉक्टरने महिनाभर मैदान बंद सांगितलेलं. म्हणून महिनाभर तुला प्रॅक्टिसला बोलावलं नाही. तू समजलीस, टीममधूनच काढलं. मग तू बूट बिलकीसला देऊन टाकलेस, नाशिकला गेलीस, लग्नसुद्धा पत्रिका पाठवून कळवलंस. काकू गेल्या तेव्हा आलीस आणि सरांशी एक शब्द न बोलता परत गेलीस.

ईशानी, सुयशची मुलगी, इतका वेळ सोफ्याच्या पाठीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "सो आजोबांनी आत्याला बेंच केलं बिकॉज शी हॅड अ कन्कशन? अँड ही नेव्हर टोल्ड हर? दॅट्स सो मीन."

कुणीच तिला गप्प केलं नाही.

सुयशने शेवटी तो प्रश्न विचारला. खाली बसून, सरांच्या गुडघ्यावर हात ठेवून. "बाबा, महिन्यानंतर तरी का नाही सांगितलंत?"

सरांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग म्हणाले, "पेपर." आणि थांबून, "छान... छापलं."

तुला आठवत असेल. 'प्रशिक्षकांची धाडसी चाल', फोटोसकट. प्राचार्यांनी सत्कार केला. ती चाल नव्हतीच, वैभवी. बापाची घाबरगुंडी होती, आणि लोकांनी तिला डावपेच ठरवलं, आणि यांना ते आवडलं. एकदा हार घालून घेतल्यावर परत कसं सांगायचं? मग तू बोलेनाशी झालीस, आणि मग त्यांनीही तोंड मिटलं. तू म्हणायचीस ना, ते आधी सर आहेत आणि मग बाबा. त्या दिवशी ते आधी बाबा झाले, आणि नेमकं तेच लपवलं.

सुयश उठला तेव्हा ते आणखी एक शब्द म्हणाले. "भ्यालो."

मी त्यांची बाजू घेत नाहीये. मला स्वतःला राग आलाय, कालपासून कुणाशी धड बोलले नाही. माफ कर असंही मी तुला म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त हे तुला माहीत असायला हवं. तू दोनदा स्कोअर विचारलास, हे तुझ्या डोक्यात राहिलेलंच नाही. ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं आणि त्याची वाचा गेली होती. मी उशीर केला असता तर मला झोप लागली नसती.

फिझाने सलाम सांगितलाय. ती म्हणते, तिला तोंड उघडल्याचा पश्चात्ताप नाही.

तुझी,
अनु


डिस्कव्हरी गार्डन्स
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैभवी,

कालच्या आधीच्या शनिवारी तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुला मी दिसले नसेन, मला सगळं ऐकू आलं. "मी इतकी वर्षं स्वतःला वाईट गोलकीपर समजत होते, बाबा," असं तू म्हणालीस आणि कॉल कट केलास. तू बोललीस ते बरोबर बोललीस. त्यानंतर इथे काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

सर काळा पडलेला फोन सुयशकडे सरकवून म्हणाले, "परत." सुयश म्हणाला, "राहू दे बाबा, तिला थोडा वेळ द्या." ते उठले, पाय ओढत दारापर्यंत गेले आणि डाव्या हाताने बूट चढवायला लागले. "नाशिक," म्हणाले. त्यांना खुर्चीत परत आणायला मी आणि सुयश दोघं लागलो.

त्यानंतरचा सगळा आठवडा असाच गेलाय. घरात कुणाचंच चित्त नाही. थेरपिस्ट त्यांच्याकडून 'पाणी', 'जेवण', 'दुखतंय' असे कामाचे शब्द म्हणवून घ्यायला बघते. ते ऐकतच नाहीत. त्यांनी स्वतःचं एक वाक्य धरलंय आणि तेवढंच घोटत बसतात. अर्ध्यावर अडकतात, मूठ आपटतात, पहिल्यापासून सुरू करतात. तिने त्यांना सोपं करून दिलं तर नको म्हणाले.

आमच्या भांडणाचाही त्यांनी निकाल लावून टाकला. काल फिझाने विचारलं, "यल्ला, चला सर, आता तुम्हीच सांगा, कुठली भारी?" ते म्हणाले, "पुणे... मोजू नको." फिझाचा चेहरा उतरला. "सर, त्यात माझे दोन गोल आहेत," ती म्हणाली, "आणि बिलकीस बिचारी आयुष्यात एकच मॅच खेळली, तीही पुसून टाकायची?" ती मॅच आपण जिंकलो होतो, वैभवी. तेही खरंच आहे. फिझा रडवेली होऊन लवकर निघाली, पण रात्री पोचल्याचा फोन सरांसाठीच केला. रमजान तोंडावर आलाय, तरी पुढच्या शनिवारी येते म्हणाली, इन्शाल्ला.

आणि आज सकाळी सुयशच्या फोनवर तुझ्या पासपोर्टची कॉपी आणि फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. त्याने दोनदा मला फोन करून विचारलं, हे व्हिसासाठीच पाठवलंय ना गं? मी म्हटलं, मग काय अल्बममध्ये लावायला पाठवलंय? ऑनलाइन अर्ज त्याने नाश्त्याच्या आधीच भरला. सरांना अजून सांगितलेलं नाही. व्हिसा हातात आल्यावर सांगू, नाहीतर ते बूट घालून दारातच बसतील.

तू रागाने येतेयस हे मला कळतं. तशीच ये. राग तिकडे ठेवून वगैरे येऊ नकोस. तुला जे बोलायचंय ते सगळं बोल, त्यांना नीट ऐकू येतं. इथे तुला कुणी "बस" म्हणणार नाही.

फक्त एक सांगते. ते तुझ्यासमोर बसतील आणि ते वाक्य म्हणायला लागतील. मला ते पाठ झालंय, पण इथे लिहीत नाही. पहिल्या दोन शब्दांनंतर ते अडकतील आणि तुझ्याकडे बघतील. आम्ही सगळे तिथे घाई करतो, पुढचा शब्द पटकन त्यांच्या हातात देतो. तू देऊ नकोस. कितीही वेळ लागला, तरी तू गप्प राहा आणि त्यांचं त्यांना म्हणू दे.

गोलसमोर अजून तुझ्यापुढेच उभी असलेली,
अनुराधा