न विचारलेला चहा

पनवेल, १२ मे १९९४

रेवा,

काल बाबांच्या तेराव्याला तू सगळ्यांना सांगितलंस, "बाबा रोज माझी वेणी घालायचे." तुझा फार हेवा वाटला. माझ्या लहानपणी ते सैन्यात, दूर सीमेवर. रजेवर आले की मी आईला विचारायचे, "हे काका कधी जाणार?" तू जन्मलीस आणि ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले.

मी माहेरपणाला आले की चहा करताना बाबा विचारायचे, "शशी, साखर किती गं?" तुला कधी विचारावं लागलं नाही. मार्चमध्ये मात्र त्यांनी न विचारताच माझ्या हातात कप दिला. दोन चमचे साखर होती. मी बिनसाखरेचा घेते. तरी सगळा प्यायले.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तेवढे बाबा माझ्या एकटीचे राहू देत.

तुझी ताई,
शशिकला