वैदेहीच्या पत्रिकेची लिंक

रत्नागिरी, मंगळवार

ती. राजाभाऊमामांच्या चरणी बाळाचा साष्टांग नमस्कार. (पत्र वाचून होईपर्यंत मी उठलेलो नाही, असं समजावं.)

मामींच्या गुडघ्याला आता आराम असेल. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला अर्जुना नदीच्या पलीकडची पाटीसुद्धा वाचता येते असं कळलं. आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली. फोन न करता पत्र धाडतोय, कारण तुम्ही स्पीकर लावून बोलता आणि राजापूरची निम्मी बाजारपेठ ऐकते. हे कोणी ऐकण्यासारखं नाही.

आपल्या वधूवर मंडळाच्या वेबसाइटवरची उपवर मुलामुलींची पानं मी तयार केली, हे तुम्ही जाणताच. एका पानावर मुली, दुसऱ्यावर मुलगे, सगळे अकारविल्हे. प्रत्येक नावाची वेगळी लिंक, म्हणजे दाबली की पान थेट त्याच नावापाशी उघडावं. नावं अर्थातच मराठीत. (आपल्या पोरींची नावं इंग्रजीत लिहिणं मला प्रशस्त वाटेना.) पत्रिका जुळवायला तुम्हाला पाठवण्यासाठी दादाच्या वैदेहीची लिंक उचलली, तर तिच्या नावाच्या जागी टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं यांची हातभर माळ आली. असलं काही दिसलं तर दाबू नका, असं बँकवाले रोज बजावतात. तुम्ही घाबराल म्हणून मी ती माळ पुसली आणि तिथे हाताने 'वैदेही' लिहिलं. स्वतः दाबून पाहिलं, बरोबर वैदेहीच समोर आली. आता कळतं की माझ्या फोनवर ते पान आधीपासूनच तिच्यापाशी उघडं होतं. तुमच्या फोनवर मात्र लिंक नावाच्या अलीकडेच संपली. निळी अक्षरं तिथपर्यंतच, पुढे 'वैदेही' नुसतं काळं. शेपूट तुटलेली लिंक पान उघडते खरी, पण वरच थांबते. आणि वर आहे खेडची अक्षया. नावांना मी सौम्य राखाडी रंग दिला होता (सभ्य दिसतो म्हणून), तुमचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, आणि वर मीच लिहिलं होतं की उघडेल तीच पत्रिका घ्यावी, वरखाली सरकवू नये. कारण मागे असंच सरकवताना तुमच्याकडून सरपंचांना व्हिडिओ कॉल लागला होता, तोही तुम्ही पंचा नेसलेले असताना. या वेळी तुम्ही माझं तंतोतंत ऐकलंत. आयुष्यात पहिल्यांदाच.

तुम्ही जुळवून पाठवलेला कागद वहिनीने देव्हाऱ्यात ठेवलाय. काल पूजा करताना सहज नजर गेली. मुलीचं जन्मस्थान खेड, महिना चैत्र. वैदेही जन्मली इथल्या सिव्हिलमध्ये, श्रावणात. मऊभाताचा डबा मीच पोचवत होतो. माझ्या हातातली घंटा थांबेचना. वहिनी आतून म्हणाली, "भावोजी, देव जागा झाला असेल हो एव्हाना!"

पत्रिकेवर माझा विश्वास नाही, असं मी डायरीत वर्षानुवर्षं लिहीत आलोय. मग घंटा का थांबेना? मी स्वतःला बराच वेळ विचारलं. उत्तर वहिनी. पत्रिका न बघता लग्न केलं आणि दादा अर्ध्यावर गेला, हे तिच्या मनात घट्ट बसलंय. तिथे माझं कॉलेजातलं शिक्षण पोचत नाही, आणि ते पोचवण्याचं धाडस मला नाही. सांगावं, तर वेदच्या घरच्या, पोफळीच्या मंडळींबरोबरची रविवारची लग्नाची बैठक मोडते. न सांगावं, आणि उद्या वेदला साधी सर्दी झाली, तरी शिंकेगणिक दचकणार मी. आणि पोरीचं काय? दादा गेल्यापासून ती हसायचीच विसरली होती. हल्ली संध्याकाळी काजूखाली जाऊन (रेंज तिथेच येते) वेदशी बोलते, तेव्हा तिचं हसू चुलीपर्यंत ऐकू येतं. वहिनी भाकरी परतायची थांबते. परवा वैदेही मलाच म्हणाली, "काका, चेहरा असा काय केलायस? लग्न माझं आहे ना?"

तेव्हा तिचे खरे जन्मतपशील सोबत जोडले आहेत. शनिवारच्या आत पुन्हा जुळवावं, ही कळकळीची विनंती.

आपला भाचा,
बाळा

ता. क. वेदची लिंकही मीच त्याच रीतीने पाठवली होती, हे आत्ता सुचलं. जाऊन कागद पुन्हा पाहिला. मुलाचं जन्मस्थान देवरुख. म्हणजे मुलग्यांतला पहिला, अच्युत. तुम्ही "अशी जुळणी उभ्या जन्मात पाहिली नाही" म्हणालात ती जोडी अक्षया आणि अच्युत यांची. ते दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. वेदचेही तपशील जोडले आहेत.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवायला भाताची शितं आणायला गेलो आणि परत आलो, तो वहिनी पत्र हातात घेऊन उभी. तिने सगळं वाचलं, ता. क. सकट. बाहेर वैदेहीचं वेदशी हसत बोलणं चाललं होतं, ते थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामांना कळवा, एकदा जुळवलंत तेवढं पुरे. आणि भावोजी, तुम्ही परत पत्रिका काढायला लावलीत तर माझ्याशी गाठ आहे." तेव्हा वरची विनंती रद्द समजावी, जोडलेले कागद तिने काढून घेतले. रविवारी जेवायला अवश्य यावं, कोणी विचारलं तर जुळणी उत्तम आहे एवढंच म्हणावं, आणि देव्हाऱ्यातला कागद बघायला मागू नये. येताना अच्युतच्या आणि अक्षयाच्या आईंचे फोन नंबर मात्र आणावेत. वहिनीने मागितलेत. कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.