तानबाच्या पाठीवर वाजलेला फोन

वडनेर,
१२ डिसेंबर

प्रिय सरिता,

तू म्हणशील, रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाची फुलं पाठवणारी ही बाई आज एकदम कागदावर कशी उतरली? कारण आहे, पण ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर पुढचं तू वाचायची नाहीस, आणि हे सगळं मला तुला एकदा सलग सांगायचंच आहे. दवाखान्यात तू फोन केलास तेव्हा माझ्या तोंडाला मास्क होता, बाजूला सिस्टर उभी होती. तेव्हा जे बोलले ते अर्धंच होतं.

आपले मंगळवार-शनिवार मला अजून आठवतात गं. सेवाग्रामला चार नंबरच्या मशीनवर मी, पाचवर तू. रक्त आपलं नळीतून फिरायचं आणि तोंडं त्याहून जोरात. रक्तगटही दोघींचा एकच, बी पॉझिटिव्ह, म्हणून सिस्टर आपल्याला जुळ्या म्हणायची. पाणी घोटाघोटानं मोजून प्यायचं, म्हणून तू मला बर्फाचा खडा अर्धा तोडून द्यायचीस, आणि आपण दोघी तो जिभेखाली धरून पाण्याच्या गप्पा मारायचो. कोणाच्या विहिरीचं पाणी गोड, कोणाच्या घरचा माठ गार. नागपूरच्या यादीत तुझं नाव माझ्या चार महिने आधी लागलं होतं, आणि तू मला चिडवायचीस, "पयला नंबर माहा, तू मागून येजो!" त्या यादीवाल्या मॅडमचं बोलणं दोघींनाही पाठ होतं. फोन दिवसरात्र चालू ठेवायचा. किडनी कधी मिळेल याचा नेम नसतो, आणि मिळाली की ती कोणासाठी थांबत नाही. फोन लागला नाही तर पुढच्याला लावतात. तेव्हापासून माझा फोन म्हणजे घरातलं तान्हं मूल झालं होतं. त्याचं पोट भरलं की नाही हे बघितल्याशिवाय मी जेवायलाही बसत नसे.

महालक्ष्म्यांना मी माहेरी गेले होते, ते तुला माहीत आहे. आमचं माहेर कारंज्याकडच्या जंगलपट्टीत, नाल्यापलीकडे. शनिवारचं डायलिसिस आटोपून गेले, मंगळवारी परत मशीनवर यायचं होतं. रविवारी संध्याकाळी वादळ आलं. ते सगळ्या जिल्ह्यावरच फिरलं म्हणतात. आमच्याकडे सहा खांब आडवे झाले आणि डीपी जळाली. गावात लाइन नाही. माझ्या फोनमध्ये एकसष्ट टक्के होते, म्हणून मी निर्धास्त होते. पण रेंज शोधता शोधता फोनच दमतो, हे मला कुठं ठाऊक? सोमवारी दुपारी, महालक्ष्म्यांसमोर सोळा भाज्यांचं पान वाढेपर्यंत तो अठरावर आला.

आणि त्यात आमच्या आईची करामत ऐक. जेवणं झाली, मी फोन पाहायला गेले तर तो देवघरात, महालक्ष्मीच्या पायाशी, काळाठिक्कर. आईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "म्या बंद करून ठेवला वं. चार्जिंग वाचते ना! वात खाली केली का तेल पुरते." दीड तास बंद होता तो. आईवर मी अशी ओरडले की जेवायला आलेल्या सवाशिणी विड्याचं पान घेऊन बाहेर गेल्या. सत्तर वर्षांची बाई, लेकीचा जीव ज्या डबीत आहे तिची वात तिनं प्रेमानं खाली केली होती, आणि मी सणाच्या दिवशी तिला रडवलं. फोन चालू केला. कोणाचा कॉल येऊन गेला नव्हता. मी आईच्या पाया पडले, पण ती रात्री जेवली नाही.

मग अंकुश उठला. माझा भाऊ तू पाहिला आहेस, चार शब्दांच्या वर बोलत नाही. रानडुकरांसाठी त्याच्या शेताला झटका मशीनची तार आहे. ती मशीन ज्या सोलरच्या बॅटरीवर चालते, ती बॅटरीच त्यानं काढून डोक्यावर घरी आणली. कोणाच्या तरी जीपमधला मोबाइल चार्जर मागून आणला, दोन वायरी जोडल्या, आणि फोनवर ती हिरवी वीज चमकली. मी म्हटलं, अरे, शेत उघडं राहिलं ना? तर म्हणे, "राहू दे." आभाळ भरलेलं असल्यामुळे बॅटरीतच दम नव्हता, कसाबसा एकतीसपर्यंत चढला. सकाळी पाहिलं तर डुकरांनी अर्धा एकर भुईमूग नांगरून ठेवला होता. अंकुशनं मला ते सांगितलंही नाही. शेजारच्या बाईनं सांगितलं.

मंगळवारी सकाळी मी आणि अंकुश निघालो. पायावर सूज चढली होती, श्वास तोकडा पडत होता, मशीन गाठणं भाग होतं. पण नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, दोन तास थांबा, पाणी उतरलं की काढून देतो. नाल्याच्या अलीकडे एक कपाशीचं वावर होतं, तिथं धुऱ्यावर, बांधाच्या गवतात मी बसले. फोन चार टक्के, पण रेंज आली होती. वावरात तानबा नावाचा माणूस फवारत होता. ना ओळख ना पाळख. अंकुशनं त्याला हाक मारून सांगितलं तेव्हा तो दुरूनच म्हणाला, "ताई, तिकडंच राहा, औषध हाये. पण ह्या पंपाले चार्जिंगचं भोक हाये. मोबाइल द्या इकडं." हो गं, त्या पाठीवरच्या बॅटरीच्या पंपाला मोबाइलची पिन लावायची सोय असते. आमच्या घरी दोन पंप आहेत, मला कधी दिसली नव्हती.

अंकुशनं फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पंपाला बांधला. आणि तानबा पुन्हा फवारू लागला, कारण त्याचं औषध कालवलेलं होतं आणि ऊन तापायच्या आत वावर उरकायचं होतं. मी धुऱ्यावर बसून बघत राहिले. माझा फोन त्या परक्या माणसाच्या पाठीवर बसून कपाशीच्या तासातून जातोय, टोकाला वळतोय, परत येतोय. तो लांब गेला की माझा जीव लांब जायचा.

आणि पलीकडच्या टोकाला तो वाजला.

मला तेवढ्या दुरून ऐकूही आला नाही. तानबा धावताना दिसला. कंबरभर कपाशीतून, पाठीवर भरलेला पंप घेऊन तो माणूस धावत होता आणि ओरडत होता, "ताई, वाजून राह्यला! वाजून राह्यला!" हात औषधानं भरलेले, म्हणून फोनला त्यानं हात लावला नाही. माझ्यापुढे येऊन त्यानं पाठ केली आणि गुडघ्यावर बसला. बॅटरी जेमतेम सहा टक्के दाखवत होती, पिन काढायची माझी छाती होईना, आणि वायर वीतभर. मग मी काय केलं असेल? त्याच्या पाठीमागे चिखलात बसले, पिशवीवरूनच बोट फिरवलं आणि पंपाला कान लावला. नागपूरच्या मॅडम होत्या. ताप आहे का, खोकला आहे का, सकाळपासून काय खाल्लं, पाच तासांत पोचता का. मी हो, नाही, हो म्हणत होते आणि तानबा हलत नव्हता. श्वासही हळू घेत होता. फोन ठेवला तेव्हा त्यानं मान न वळवता विचारलं, "झालं का ताई? उठू का मी?"

सरिता, मी देवळात कमी जाते, तुला माहीत आहे. पण त्या माणसाच्या ओल्या सदऱ्याकडे बघताना माझे हात आपोआप जुळले.

पुढचं काय सांगू! वाटेत मॅडमचे आणखी फोन येणार होते, म्हणून तानबानं औषध ड्रममध्ये ओतलं, पंप नाल्याच्या पाण्यानं तीनदा धुतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा. मले उद्या पाह्यजे नाई," म्हणाला. खोटं बोलला, अर्धं वावर बाकी होतं. ट्रॅक्टरनं नाला ओलांडला, जीपनं हायवे गाठला, आणि नागपूरच्या त्या काचेच्या दवाखान्यात मी फवारणीचा पंप कडेवर घेऊन उतरले. वॉचमन म्हणाला, बाई, मच्छर मारणारे मागच्या गेटनं. आमचे हे हिंगणघाटहून आधीच पोचले होते. त्यांनी पंप माझ्याकडून घेतला आणि नंतर बारा दिवस तो वॉर्डाबाहेरच्या बाकाखाली त्यांच्या चपलांशेजारी होता. सगळ्या नातेवाइकांचे फोन त्यावर चार्जिंगला लागायचे. आता तो तानबाकडे परत पोचला आहे. सोबत त्याच्या बायकोला लुगडं दिलं, तर तिनं उलट मलाच वानोळा म्हणून तुरीच्या शेंगा पाठवल्या.

किडनी एका तरुण पोराची होती, एवढंच कळलं. नाव-गाव सांगत नाहीत. ज्या घरात आकांत चाललेला असेल त्या घरात बसून कोणीतरी हो म्हणालं. हे माझ्या डोक्यात अजून मावत नाही. शुद्धीवर आले तेव्हा सिस्टरनं पलंगाला लटकवलेली पिशवी दाखवली. लघवी, सरिता! पिवळी, भरभरून, माझी. तीन वर्षांनी. मी, आमचे हे आणि ती सिस्टर, तिघंही त्या पिशवीकडे बघून रडत होतो. हसू नकोस. तुलाच कळेल हे, दुसऱ्या कोणाला नाही. आणि चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाणी प्या, भरपूर प्या. मी तांब्या तोंडाला लावला आणि मला अपराधी वाटलं. तेव्हा वाटलं, सवय नाही म्हणून असेल.

आता ते सांगते. त्या दिवशी कपाशीत मॅडम घाईघाईत एक वाक्य बोलल्या होत्या, "तुम्ही दुसऱ्या आहात, पहिल्या पेशंटचा फोन बंद येतोय." तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. मग दवाखान्यात तुझा फोन आला. तू किती खूश होतीस! हसत सांगत होतीस, "वादळानं आमच्याकडंही लाइन नव्हती ना वं, दोन दिवस फोन मेलेला. चालू केला तं नागपूरच्या एकाच नंबरच्या चार मिस कॉलचे मेसेज. कोणी कंपनीवाले असतीन." मी तुला तो नंबर वाचायला लावला, आठवतं? तू वाचलास. मी म्हटलं, हो, कंपनीवालेच. तो मॅडमचा नंबर होता, सरिता. ती किडनी आधी तुला आली होती. तुला तानबा भेटला नाही, मला भेटला, एवढाच फरक. तीन महिने हे गिळून बसले आहे. हे म्हणतात सांगू नकोस, तिला उगाच जळत ठेवशील. पण तू मला बर्फाचा खडा अर्धा तोडून देणारी, तुझ्यापासून हे लपवून मी पाणी कशी पिऊ? रागव, चार शिव्या दे, बोलणं सोड. सगळं मला मान्य आहे. पण सोबतच्या कागदावर तेवढी सही कर. यादीत तुझ्या नावापुढे दुसऱ्या नंबराचा रकाना आहे, तिथं तुझ्या यजमानांचा, कैलासभाऊंचा तो वर्षभर बंद पडलेला नंबर अजून तसाच आहे. तिथं मी माझा लिहिला आहे. तुझा लागला नाही तर माझा वाजेल, आणि माझा बंद राहणार नाही. काल संध्याकाळी हे घड्याळ लावून मोटरसायकलनं तुझ्या दारापर्यंत येऊन, हाक न मारता परत फिरले. बेचाळीस मिनिटं लागतात.

तुझीच, चार नंबरवरची,
दिपाली