समोरच्या काठावरचा लाल

४ मार्च
प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

तुमचे दादा सुखरूप पोहोचल्याचं कळलं. रागावून निघालेला माणूस वाट चुकत नाही म्हणतात. त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, म्हणून खरं काय ते लिहिते.

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून मी तळ्याकाठी जलरंग घेऊन बसते. पाण्याला स्वतःचा रंग नसतो. काठावर जे असेल ते दाखवतं. माझं पाणी छान हिरवं जमून आलेलं, आणि समोर हे लाल शर्टात गळ टाकून बसलेले! ऐन हिरव्यात लाल वळवळायला लागला. जरा बाजूला सरका, एवढंच मी म्हटलं. तर म्हणे, जन्मभर तुझ्या तालावर नाचलो, आता तळ्यावरूनही हाकल. आणि तडक तुमच्याकडे!

असो. तळं मोकळं झालं, मी मजेत आहे. त्यांना गोळ्यांची आठवण करा. मी विचारलं हे सांगू नका.

भावावरच्या मायेतला थोडा वाटा मलाही ठेवावा.
तुमची वहिनी

९ मार्च
ती. वहिनी, सा. न. वि. वि.

दादा दिवसभर माझ्या दवाखान्यात पेशंटच्या बाकावर बसून असतो. तुमची चित्रकला सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे. ऐकताना लोक दाढदुखी विसरतात, माझ्या पोटावर पाय! तुम्ही स्वतः ‘या’ म्हटल्याशिवाय तो हलणार नाही म्हणतो. गोळ्यांचं तुम्ही विचारलंत हे मी सांगितलं नाही. त्यानेच तीनदा विचारलं, तिने काही विचारलं का म्हणून.

राग मावळावा, लोभ राहावा.
तुमची दातवाली नणंद

१३ मार्च
प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

चित्रं बिघडली. तळं धुतल्या बाटलीसारखं दिसतं. हिरव्याला उठाव यायला तो लालच हवा होता, हे आत्ता कळतंय. तरी कृपा करून यांचा शर्ट तेवढा पोस्टाने पाठवा, काठीला अडकवीन. आत माणूस असायची गरज नाही.

आहे तशी गोड मानून घ्यावी.
वहिनी

१७ मार्च
ती. वहिनी, सा. न. वि. वि.

शर्ट पाठवला आहे. दादाने स्वतः इस्त्री केली. रात्री जेवला नाही. चेष्टा पुरे झाली, वहिनी.

तुमचीच,
नणंद

२५ मार्च
प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

शर्ट टांगला. पाण्यात नुसता लाल ठिपका, टपालपेटी उभी केल्यासारखा. हे चुळबुळ करायचे, गळ झटकायचे, तेव्हा तो लाल पाणीभर पसरायचा. शर्टाला काय येतंय ते! मी तिथेच बसून रडले, आणि यांना पत्र टाकलं: या.

काल तळ्यावर गेले तर समोर हे. घरी न येता थेट तिथेच, तुमच्या यजमानांचा पांढरा शर्ट घालून. जलरंगात पांढरा लावत नाहीत, तेवढा कागद कोरा ठेवतात. मी यांच्या मापाची जागा सोडली आणि भोवतीचं पाणी जपून रंगवलं. इतकं मन लावून मी आजवर काही रंगवलेलं नाही.

घरी आल्यावर चित्र पाहिलं आणि म्हणाले, सगळं तळं काढलंस, मीच तेवढा काढायचा राहिलो! परत रुसले आहेत. पण या खेपेला आतल्या खोलीत.

तिकडच्या सर्वांना नमस्कार, आणि माया अशीच असू द्या.
तुमची वहिनी