किसनच्या बैलाचं रक्त

प्रिय वामनराव,

काल तपासनिसांचा निरोप आला. यंदा मास्तरांसाठीचा सृष्टिज्ञानाचा वर्ग मी घ्यायचा. तुमचं सूक्ष्मदर्शक यंत्रही पेटीसकट माझ्याकडे पोचलं. पेटी मी अजून उघडली नाही. तुम्ही गेल्याला चार वर्षं झाली, आणि तेव्हाची एक गोष्ट मी कोणाजवळच बोललेलो नाही. वर्ग घेण्याआधी तुम्हाला तरी सांगायला हवी.

तुम्ही तो वर्ग घ्यायला रिसोडहून आमच्या रिठदच्या शाळेत आलात, तेव्हा आम्ही आठ मास्तर होतो. पुस्तकाबाहेरचं विज्ञान कोणीच पाहिलेलं नव्हतं. तुम्ही आम्हाला नाल्यात उतरवलंत, शेवाळ काढायला लावलंत, गवतांची नावं गुराख्यांना विचारून लिहायला लावलीत. डबक्याच्या एका थेंबात धावणारे जीव पाहून मी यंत्रापासून हटेचना. आठवतं का?

चौथ्या दिवशी किसन माळी शाळेत आला. त्याचा बैल मोट ओढता ओढता पडून मेला होता, नाकातून काळं रक्त येत होतं. तुमच्या दुर्बिणीत पाहून सांगा, असं तो काकुळतीनं म्हणत होता.

बाकीचे मास्तर मळ्याच्या बांधावरच थांबले. तुम्ही बैलाच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब घेतलात. काच मी धरली होती. सकाळी बाभळीची फांदी तोडताना तुमचा अंगठा फाटला होता, ती जखम अजून ओली होती. मी ती पाहिली, वामनराव. फडकं बांधा, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? बांधावरचे हसतील असं वाटलं, बस.

यंत्रात पाहिलं तर काचेवर काड्यांसारखे जंतूच जंतू दिसले. काळपुळी, जनावराच्या रक्तातून माणसालाही लागते, असं तुम्ही हळूच म्हणालात. बैल कातड्यासकट पुरुषभर खोल पुर, वर चुना टाक, असं किसनला दोनदा बजावलंत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुमच्या अंगठ्यावर पुळी उठली, मधोमध काळी. दुखत नव्हती.

"दत्ता, वर्ग संपेस्तोवर बोलू नको," तुम्ही मला म्हणालात. "हे लोक पळून जातील."

मी ऐकलं. पण तुम्ही तरी काहून लपवलंत? त्या रोगाचं नाव तर तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं.

दोन दिवसांत हात खांद्यापर्यंत सुजला. बैलांच्या दमणीत घालून तुम्हाला वाशीमच्या दवाखान्यात न्यायला निघालो. अर्ध्या वाटेत तुम्ही पाणी मागितलंत. मी तांब्या तोंडाला लावला, पण घोट आत गेला नाही.

पुढे कळलं ते असं. उन्हानं जमीन दगड झाली होती, म्हणून किसननं खड्डा कमरेएवढाच खणला. चुना टाकलाच नाही. यंदाच्या पावसात नाल्यानं मळ्याचा तो कोपरा खरवडून नेला, आणि मातीत वर्षानुवर्षं टिकणारा तो रोग वर आला.

एवढं लिहिलं आणि किसन दारात आला. तिथलंच गवत खाऊन चार दिवसांपूर्वी त्याची गाय मेली. त्यानंच ती ओढून बांधाकडेला टाकली, अजून पुरलेली नाही. त्यानं मनगट पुढे केलं.

"मास्तर, हे काय उठलं? दुखत तर नाही."

मी त्याला नाव सांगितलं. तो ओट्यावर बसला आहे, एकटक मनगटाकडे पाहत. दमणी जुंपायला सांगितली आहे.

आज मी गप्प बसणार नाही. दवाखान्याच्या पायरीवरूनच त्या रोगाचं नाव ओरडून सांगेन. गाय माझ्यासमोर खोल पुरली जाईल, आणि मळ्यातला तो कोपरा कोणी नांगरू म्हणेल तर आधी त्याला माझ्याशी बोलावं लागेल.

तुमचा,
दत्ता