मागच्या सीटवरचं बोलणं

रविवार, दिवेलागण

मुलाकडे बंगळुरूला कायमचं जायचं म्हणून यांनी स्कूटर विकली. आणि आता म्हणे, जायच्या आधी पौडकडची खेडी नीट बघायची! म्हणून आज भाड्याची इलेक्ट्रिक बाईक. तिला आवाजच नाही. "अहो, चालू झाली का?" असं मी विचारेपर्यंत कोथरूड डेपो मागे पडला होता.

स्कूटरच्या आवाजात मी मागे बसून मनात येईल ते बोलायची. यांना कधी ऐकू गेलं नाही, म्हणून तर संसार टिकला. आजही तीच सवय. भातखाचरांच्या वळणावर बोलून गेले, "मला नाही जायचं बंगळुरूला."

बाईकला आवाज नाही, हे मग आठवलं. यांची पाठ ताठ झालेली दिसली. खरंच विसरले होते का मी? देव जाणे. तिकडे मुलाने आमची खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय. आता हे भडकणार, असं वाटलं. पण यांनी टपरीवर बाईक थांबवली आणि दोन चहा सांगितले.

परतताना, चांदणी चौकाच्या अलीकडे, मागे न बघता म्हणाले, "त्याला तू सांगतेस, की मी सांगू?"