बुजवलेल्या खिडकीखाली

प्रिय शिसपेन,

हे नाव वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल तर पडू दे. दुसऱ्या कुठल्या नावाने तुला हाक मारायला मला जमत नाही, आणि तूही मला ‘भडकू’शिवाय काही म्हटल्याचं आठवत नाही. आई म्हणाली, रागात पत्र लिहू नकोस. मी म्हटलं, मग मी आयुष्यात पत्रच लिहायचं नाही का? ती हसली आणि पुन्हा तिच्या शिलाईयंत्रावर बसली. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, मी रागावलेलो आहे. सोमवारी सकाळी साडेदहापासून रागावलेलो आहे, आणि त्याआधी सात महिने रागावलेलो होतोच, फक्त त्याची सवय झाली होती.

मी आता एका छापखान्यात मुद्रितं तपासतो, हे तुझ्या कानावर आलं नसेल. अर्धवट शिकलेल्या माणसाला मिळण्यासारखं काम आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लाल पेनाने गोल करायचे. मालक म्हणतात, तुझ्या स्वभावाला अगदी शोभतं. तर सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक गठ्ठा टाकला. म्हणाले, हे तुझ्याच भागाचं दिसतंय, तूच बघ. वरती तुझं चित्र होतं. पायऱ्यांची गल्ली, ते कठड्याचं तुटलेलं वेटोळं, खाली झोपलेलं मांजर. ते मांजर आपण गेलो तेव्हा खरंच झोपलं होतं. वर ‘सावकाश चाला’ असं नाव, आणि खाली दोन माणसांची नावं. एक तुझं. दुसरं कॉलेजातल्या त्या चौकडीच्या शर्टवाल्याचं. मी मुखपृष्ठ उलटं करून पाहिलं, म्हटलं माझं मागे असेल. मागे कोरी जागा होती.

आत मात्र मी पानोपानी होतो. सुताराच्या दुकानाशेजारची ती गल्ली, जिथे भुशाने प्रत्येकाला शिंका येतात, तिच्याखाली छापलं आहे, ‘स्थानिक लोक हिला शिंकरी गल्ली म्हणतात.’ कोण गं स्थानिक लोक? तो एकच माणूस होता, तो मी होतो, आणि नाव ठेवताना मला लागोपाठ नऊ शिंका आल्या होत्या. तू मोजल्या होत्यास. आणि आपली शंभर पावलांची पद्धत? शंभर पावलं चालायचं, थांबायचं, मान वर करायची, आणि जे दिसेल त्यातली एकच गोष्ट निवडायची. तू ती काढायचीस, मी तिच्याबद्दल सांगायचो, आणि तू माझं बोलणं चित्राच्या बाजूला बारीक अक्षरात उतरवून घ्यायचीस. एका गल्लीला एक दुपार. घाई केली तर त्या दिवशीची गल्ली बाद. ती पद्धत आता ‘आम्ही विकसित केलेली पद्धत’ झाली आहे. त्या ‘आम्ही’वर मी लाल गोल केला. मग मालक बघतील म्हणून खोडला. कागद फाटला.

तू म्हणशील, भडकूला मानाची हाव सुटली. हाव असती तर मी विभागप्रमुखांच्या खोलीत तसा घुसलो असतो का? आठव ती सकाळ. त्यांनी आपल्या बारा गल्ल्यांचे तुझे बारा तक्ते टेबलावर पसरले होते आणि म्हणत होते, चित्रं तुझी असतील, मजकूर तुझा वाटत नाही, कुणाकडून लिहून घेतलास? मी दाराबाहेर होतो. डोक्यात तिडीक गेली. आत शिरलो, मजकूर माझा आहे म्हटलं, आणि वर नको ते चार शब्द बोललो. टेबलही जरा हललं. जरा नाही, बरंच हललं. त्यांची दौत तुझ्या सहाव्या गल्लीवर सांडली. ते म्हणाले, माफी माग, नाहीतर बाहेर हो. मी तुझ्याकडे पाहिलं. तू फक्त एवढंच म्हणायचं होतंस, ‘हे आम्ही दोघांनी केलंय.’ एक वाक्य. तू टिपकागद शोधत होतीस. मी बाहेर पडलो आणि फाटकापाशी पावणेदोन तास उभा राहिलो. मला वाटलं होतं, तू येशील. तू बाहेर पडलीस, पण मागच्या दाराने, हे मला पहारेकऱ्याने सांगितलं, आणि सांगताना तोच बिचारा शरमला. त्यानंतर मी कॉलेजात पाऊल टाकलं नाही. लोकांना वाटतं मी रागाने शिक्षण सोडलं. आईलाही तसंच वाटतं. वाटू दे.

नंतर कळलं की दर रविवारी तू माणसांचा घोळका घेऊन आपल्या गल्ल्यांतून फिरतेस आणि चौकडी तुझी वही धरून चालतो. एकदा पाहिलंही. मी पावाच्या गाडीमागे लपलो, चक्क. बेकरीवाले काका म्हणाले, अरे, कुणाला तोंड दाखवायचं नाहीये तुला? मी म्हटलं, कुणाला नाही, पाव ताजे आहेत का बघतोय. ते म्हणाले, नाकाने बघतोस काय रे? तू तेव्हा हातवारे करून शिंकरी गल्ली समजावत होतीस. छान समजावत होतीस. माझ्यापेक्षा छान.

म्हणून मंगळवारी मी सुट्टी घेतली, मुद्रितं काखोटीला मारली आणि पहिल्या पानापासून चालायला लागलो. खरं सांगतो, वाईट बुद्धीने. म्हटलं, एक तरी चूक सापडू दे. शंभर पावलं, थांब, मान वर. सुतार म्हणाला, आज एकटाच? ती वहीवाली कुठाय? मी म्हटलं, मोठी झाली. घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून न काढताच विचारलं, भांडलात वाटतं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा काट्यांत शिरले. सगळीकडे तुझी चौकशी. माझी चौकशी करणारं त्या गल्ल्यांत कुणी नव्हतं, कारण मी समोरच उभा होतो. आणि चूक? एक नाही. कठड्याचे अकरा गज, तुझ्या चित्रात अकरा. न्हाव्याच्या आरशाला डाव्या खालच्या कोपऱ्यात तडा, तुझ्या चित्रात डाव्या खालच्या कोपऱ्यात तडा. तू जे पाहतेस तेच काढतेस. माझा जळफळाट होत होता आणि तरी मी प्रत्येक पानावर ‘बरोबर’ची खूण करत चाललो होतो.

मग पान एकोणीस आलं. सातवी गल्ली, दुसऱ्या मजल्यावरची विटांनी बुजवलेली खिडकी. तिची गोष्ट तुला तोंडपाठ असणार. दोन भाऊ, समोरासमोर खोल्या, कशावरून तरी वैर, आणि धाकट्याने थोरल्याचं तोंड दिसू नये म्हणून खिडकी चिणून टाकली, तीस वर्षं अबोला. शिसपेन, ती गोष्ट मी रचली होती. त्या घरात दोन भाऊ राहत, एवढंच मला पाटीवरून ठाऊक होतं. आदल्याच दिवशी चौकडी कमानींबद्दल काहीबाही बोलला होता आणि तू डोळे मोठे करून ऐकत होतीस. त्या खिडकीपाशी माझ्याजवळ सांगायला काहीच नव्हतं. मग जे तोंडाला आलं ते बोललो. आणि तू पहिल्यांदाच पेन्सिल खाली ठेवलीस. पायरीवर माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, तू हे कुणाला विचारतोस रे, लोक तुला एवढं सांगतात तरी कसे? त्यानंतर खरं कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तू ते वहीत उतरवलंस, आणि मी तुला उतरवू दिलं.

मंगळवारी ते पान वाचून मला आधी आनंद झाला. लपवत नाही. एक चूक, तीही तुमच्या दोघांच्या नावाखाली. छापा म्हटलं, हजार प्रती छापा. मी तिथेच भिंतीला कागद टेकवून ‘बरोबर’ची खूण केली. तेवढ्यात वरून आवाज आला, त्या रविवारवाल्यांपैकी आहेस का रे? मी नाही म्हटलं. मग वर ये, म्हणाला, हातात कागद आहेत म्हणजे वाचता येत असेल, मला डोळ्याच्या औषधाची चिठ्ठी वाचून दाखव.

हा त्यातला धाकटा भाऊ. टाइपरायटर दुरुस्त करायचे दोघं, खालच्या गाळ्यात. चिठ्ठी वाचून झाल्यावर मी त्या भिंतीकडे बघत राहिलो, तर म्हणाला, तूही ऐकलंयस वाटतं. मग स्वतःच बोलत सुटला. थोरला त्या खिडकीची काच पुसताना तोल जाऊन खाली पडला, जागीच गेला. गवंडी दोन दिवसांनी येतो म्हणाला, याला दोन दिवस त्या खिडकीकडे बघवेना, म्हणून स्वतःच्या हाताने विटा लावल्या. तिसरी ओळ तिरकी गेली बघ, म्हणाला, मला दिसत नव्हतं त्या दिवशी. वैर? अरे, तो गाढव माझी चप्पल घालून जायचा आणि मी त्याची घालून त्याला शोधत फिरायचो. आता रविवारी दहा वाजले की मी रेडिओ मोठा लावतो. तरी ‘वैर’ एवढा शब्द वर येतोच. हे त्या मुलीला सांगितलं कुणी? इमारतीतलंच कुणीतरी असणार. समोरची बाई, नाहीतर कोण! माझी औषधं आणायची ती, चिठ्ठ्या वाचून दाखवायची. दोन महिने झाले, मी तिच्याशी बोलणं टाकलंय.

मी तिथे बसलो होतो. विभागप्रमुखांचं टेबल हलवणारा मी. एकच वाक्य बोलायचं होतं, ‘हे मी केलंय.’ मी त्याने पुढे केलेल्या चहाच्या कपातली साय बाजूला करत बसलो. साय संपली तरी चमचा फिरवत होतो. मग चिठ्ठीची घडी घालून दिली आणि जिना उतरलो. खाली येऊन तुझं चित्र पुन्हा पाहिलं. विटांची तिसरी ओळ तिरकी आहे. तुला दिसली होती. त्या टिपकागदाबद्दल मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, केलेलं नाही. पण साय काढताना मला तो टिपकागद आठवला, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

छपाई शुक्रवारी सकाळी सुरू होईल. एकोणिसाव्या पानावरची माझी खूण मी खोडली आहे, आणि तुझी सही आल्याशिवाय ते पान पुढे जाणार नाही असं मालकांना सांगितलं आहे. पत्र त्यासाठीच. चित्र राहू दे, गोष्ट काढ. उद्या सकाळी मी वर जाणार आहे, आधी त्या धाकट्या भावाकडे, मग समोरच्या बाईंकडे. तू ये असं म्हणत नाही. फाटकापाशी वाट बघून झाली आहे माझी. फक्त येत्या रविवारी त्या खिडकीखाली थांबशील तेव्हा लोकांना सांग की आजवर इथे सांगितलेली गोष्ट खोटी होती. आणि पान मोकळं राहतंय म्हणून तळाशी एक ओळ घाल, ‘या घराबद्दल पूर्वी सांगितली जाणारी गोष्ट रचलेली होती.’ तिच्यापुढे रचणाऱ्याचं नाव टाक. पूर्ण नाव, आडनावासकट. मुखपृष्ठावर नको, आभारात नको. तुझ्या त्या पुस्तकात मला तेवढीच जागा हवी आहे.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
भडकू